नवोदितांचा मान

क्रीडादिन जवळ आला कीं आमच्या कानीं एकच प्रश्न पडूं लागतो: यंदा नवोदित खेळाडूचा मान कोणास मिळणार? वर्गांत पैजा लागतात, आणि फाटकाशीं उभे असलेले पालकही हळूच हिशेब मांडतात. हिशेबास आमची ना नाहीं. त्यांत गंमत आहे. परंतु मुलाचें मैदान चालूं ठेवावयाचें कीं बंद करावयाचें, हें त्यावरून ठरूं लागलें म्हणजे आमचा विरोध आहे.

साताऱ्याच्या अदिती स्वामीनें २०२३ च्या जुलैंत लिमरिक येथें तिरंदाजींत युवकांचें जगज्जेतेपद मिळविलें, आणि पुढच्याच महिन्यांत बर्लिन येथें, सतराव्या वर्षीं, प्रौढांचेंही! सांगलीच्या स्मृती मानधनानें २०१३ सालीं एकोणीस वर्षांखालील स्पर्धेंत नाबाद २२४ धावा काढल्या, तेव्हां तीही सतराच वर्षांची होती. अशीं फळें लवकर पिकतात आणि सर्वांस दिसतात.

पण गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे पाहा. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते प्रथम उतरले व सहावे आले. तांबड्या मातींत वाढलेल्या त्या मल्लास मॅटवरील कुस्तीचा सराव नव्हता. पुढें हेलसिंकीस जाण्यास पैसा अपुरा पडला, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालीं खाशाबा ब्राँझपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पहिल्याच तराजूंत तोलणाऱ्यांनीं त्यांस घरीं बसविलें असतें.

सांगलींत जन्मलेले विजय हजारे तर पहिला कसोटी सामना १९४६ सालीं, एकतीस वर्षें पुरीं झाल्यावर खेळले. उमेदीचीं वर्षें महायुद्धानें खाल्लीं होतीं. १९४८ च्या जानेवारींत त्यांनीं ॲडलेड येथें दोन्ही डावांत शतकें ठोकलीं. उत्तर अमेरिकेंत बर्फावरील हॉकींत नवागतास 'काल्डर' करंडक देतात. १९९० सालीं तो मकारॉव्ह या रशियन खेळाडूनें पटकाविला. त्याचेंही वय एकतीसच! हा नवागत कसला, म्हणून मग तेथें सव्वीस वर्षांची मर्यादा घालण्यांत आली. तिच्यापुढें आमचे हजारे बादच ठरते.

आपल्या शाळेचें बक्षीसही पहिल्या वर्षापुरतेंच आहे. तें दोन वर्षांचा खेळ पाहून द्यावें, अशी आमची क्रीडासमितीस विनंति आहे. आणि पालकांस एवढेंच, कीं जूनमध्यें मैदानाची वेळ शिकवणीस देण्यापूर्वीं मुलास एकदां विचारावें.