पहिल्या गाठीची वर्दी

भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्यास घटसर्प, फऱ्या व खुरकूत ही नावे अपरिचित नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्यांची लक्षणे तो ओळखतो. परंतु २०२० सालच्या पावसाळ्यात भंडाऱ्यासह पूर्व विदर्भात गुरांच्या अंगावर टणक, गोल गाठी उठू लागल्या, तेव्हा हा अनुभव अपुरा पडला. त्या माश्यांच्या दंशाच्या असतील किंवा अंगावर पित्त उठले असेल, असे वाटणे साहजिक होते. परक्या रोगाचे खरे बळ येथेच असते. तो ओळखू येईपर्यंत त्याने आपले काम उरकलेले असते.

हा लंपी चर्मरोग होय. १९२९ साली आफ्रिकेतील तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, त्याची प्रथम नोंद झाली. भारतात तो २०१९ साली ओडिशात आढळला आणि पुढच्याच वर्षी वैनगंगेच्या खोऱ्यात पोहोचला. २०२२ साली त्याची साथ राज्यभर पसरली. सप्टेंबर महिन्यात संपूर्ण महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करावा लागला व गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. हा रोग माणसास होत नाही, म्हशींत कमी आढळतो, आणि त्याने दगावणाऱ्या जनावरांचे प्रमाणही सामान्यतः अल्प असते. पण तेवढ्यावरून तो सौम्य ठरत नाही. गाईचे दूध आटते, गाभ पडतो, पाय सुजतात, आणि ऐन रोवणीच्या दिवसांत बैल आठवडेच्या आठवडे जुवाखाली येऊ शकत नाही. एकाच बैलजोडीवर धानशेती करणाऱ्या कुटुंबाला ही हानी मृत्यूहून फारशी कमी नसते.

चावऱ्या माश्या, डास व गोचिडे यांच्याद्वारे हा रोग एका जनावरापासून दुसऱ्यास लागतो. तलावांच्या व धानाच्या बांध्यांच्या या जिल्ह्यात पावसाळा म्हणजे अशा कीटकांचा सुकाळच. त्यात गावची गुरे सकाळी एकाच आखरावर जमतात, एकाच कुरणात चरतात आणि एकाच तलावावर पाणी पितात. खपल्यांतील विषाणू महिनाभराहून अधिक काळ टिकू शकतो. तेव्हा पहिली गाठ दिसल्यावर जनावर वेगळे बांधणे व त्याच दिवशी पशुवैद्यकास वर्दी देणे, यापरता दुसरा प्रभावी उपाय नाही. लस आहे, पण तिचे संरक्षण मिळण्यास सुमारे तीन आठवडे लागतात, आणि ती निरोगी जनावरासच टोचावयाची असते. बाधित गावाभोवतीच्या पाच किलोमीटर परिसरात लसीकरणाचे कडे घालावयाचे तर मध्यबिंदू वेळीच कळावा लागतो. तो पशुवैद्यकास दाखवून देणारा पहिला माणूस म्हणजे गोठ्याचा मालक अथवा गुराखी होय.

मग वर्दी देण्यास उशीर का होतो? त्यास केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. आजार जाहीर झाला तर बाजार बंद होईल, जनावर विकता येणार नाही, शेजारी आपल्या गोठ्याकडे पाठ फिरवतील, असा हिशेब शेतकरी करतो. आणि तो हिशेब चुकीचा नसतो. वर्दी देण्याचा लाभ साऱ्या गावास होतो, तोटा मात्र एकट्या घरास सोसावा लागतो. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याने अधिसूचित रोगाची माहिती देणे व आजारी जनावर वेगळे ठेवणे मालकावर बंधनकारक केले आहे, हे योग्यच आहे. परंतु कायदा गोठ्यात डोकावू शकत नाही. २०२२ च्या साथीत शासनाने मृत दुधाळ गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० रुपये व वासरामागे १६,००० रुपये साहाय्य दिले. ते आवश्यकच होते. पण ते मृत्यूचे मोल झाले. वेळीच वर्दी दिल्यामुळे ज्याचा बैल वाचला, पण खुंट्याला बांधून राहिला, त्याची भरपाई त्यात होत नाही.

ही उणीव गावास भरून काढता येईल, आणि तीही जुन्याच रीतीने. सावडीने एकमेकांची कामे उरकण्याची प्रथा ज्या समाजात आहे, त्याने प्रथम वर्दी देणाऱ्याची रोवणी सावडीने करून द्यावी. त्याच्या जनावरास वैरण पोहोचवावी व त्याला गावाचा अपराधी न मानता राखणदार मानावे. ग्रामपंचायतीने तसा ठराव पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावा. पशुवैद्यकीय विभागाचीही काही कर्तव्ये आहेत. वर्दी मिळताच तपासणीस यावे. पहिली गाठ केव्हा दिसली, जनावर कोठून आणले, कोठे चरत होते, हे दटावून न विचारता आस्थेने विचारावे. खपली व रक्त यांचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवावेत व निष्कर्ष मालकास कळवावा. लस टोचताना प्रत्येक जनावरास स्वतंत्र सुई वापरावी. अन्यथा उपायच अपाय ठरावयाचा.

हे घडू शकते, याचा दाखला बुळकांडीच्या इतिहासात आहे. ज्या रोगाने शतकानुशतके गोठे ओस पाडले, त्याच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५४ साली सुरू झाला. १९९५ नंतर देशात तो आढळला नाही, २००६ साली भारत व २०११ साली सारे जग त्यापासून मुक्त जाहीर झाले. लसीने तो नमला. पण तो खरोखर गेला की नाही, हे अखेरच्या टप्प्यात लसीकरण थांबवून, गावोगावी शोध घेऊन व गोठ्यागोठ्यांत विचारपूस करूनच ठरले. पुढचा परका रोग कोणत्या नावाने येईल, हे सांगता येत नाही. तो येईल तेव्हा गोठ्यातून निघालेली पहिली वर्दी निर्धास्तपणे निघावी, इतकी तयारी प्रत्येक गावाने आजच करून ठेवणे श्रेयस्कर होय.