चौदा आण्यांचा हिशेब



१२ मार्च १९२७. मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारच्या तोंडावर हिशेब मांडला : शिक्षणावर माणशी खर्च चौदा आणे, अन् दारूच्या उत्पन्नातून माणशी वसुली दोन रुपयांच्या वर. लोकांकडून ओढता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, हे मागणं. आठच दिवसांनी आपल्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, पाणी पेटलं. पाणी अन् पाटी, लढाई एकच.

आता जिल्ह्याचं नाव रायगड. खालापूरच्या टोलनाक्यावर रात्रंदिवस पैसा गोळा होतो. वर डोंगराला ठाकरवाड्या, कातकरवाड्या. पावसाळा सरला की कातकरी वीटभट्टीवर जातो, पोरंही संगती जातात. मग साहेब म्हणतो, पट कमी! अरे, पट कमी झाला का, ते बोल की. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने वीसच्या आतल्या पटाच्या शाळा मोडून समूहशाळा करायचं पत्र काढलं. भर पावसात ओढा ओलांडून पहिलीतलं पोर जाणार कसं?

कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणाला मागितले. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा छापला. चोपन्न वर्षं नुसता आकडाच गिरवतायत.

कर्जत-खालापूरच्या पोरांनो, आपलं मागणं साधं आहे : वाडीची शाळा वाडीतच. भट्टीच्या हंगामात पोरांना गावातच वसतिगृह. वर्गाला मास्तर. ही भीक नाही. काडेपेटीवरसुद्धा आम्ही कर भरतो. चौदा आण्यांचा तो हिशेब अजून मिटलेला नाही. चला, तहसीलवर मागायला!