घाणेरी उपटणाऱ्यांची बाजू

टेकडीवर कुदळ घेऊन चढणाऱ्या माणसाला पुण्यात दोन प्रकारचे लोक अडवतात. पहिले म्हणतात, "झाडं कशाला तोडताय? आधीच शहर तापलंय." दुसरे जरा जास्त वाचलेले असतात. ते विचारतात, "आपलं-परकं हा भेद आता झाडांतही आणला का?" तिसराही एक प्रकार आहे, पण तो अडवत नाही. तो शाबासकी देतो, कुदळीसह फोटो काढून घेतो आणि पुढच्या रविवारी दिसत नाही. मला तिघांशीही भांडायचे आहे, आणि सर्वात जास्त तिसऱ्याशी.

पहिल्याचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीमागचे उतार इथे गिरिपुष्पाची दाटी आहे. मध्य अमेरिकेतले हे झाड काही दशकांपूर्वी मुद्दाम लावले गेले. कारण सरळ होते. फांदी रोवली तरी जगते, भराभर वाढते, आणि चरणारी जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. टेकडी हिरवी करायची होती, ती झाली. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या दोन पिढ्या या हिरवाईत चालल्या, फेब्रुवारीतला त्याचा गुलाबी बहर त्यांनी डोळे भरून पाहिला. त्यांना त्यावर घाव पडताना वाईट वाटले तर त्यात नवल नाही.

पण या कळवळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे, ती चुकीची आहे. टेकडी पूर्वी उजाड होती आणि माणसाने तिला झाडे दिली, ही ती समजूत. दख्खनच्या कमी पावसाच्या टेकड्यांचे मूळ रूप दाट सावलीचे नव्हतेच. सालई, मोई, मेडशिंगी, गणेर, खैर अशी विरळ झाडे आणि खाली कुसळी, पवना, मारवेल, डोंगरी अशी गवते, हे या टेकड्यांचे रान. उन्हाळ्यात ते सगळे पिवळे पडते आणि शहरी डोळ्याला पिवळे म्हणजे मेलेले वाटते. मृगाच्या दोन सरी पडल्या की त्याच मातीतून मुसळीची पाने वर येतात, कळलावी काठीचा आधार शोधते, एखाद्या खडकाशेजारी खर्चुडीचा वेल दिसतो. हे सगळे उन्हात वाढणारे जीव आहेत. त्यांच्या डोक्यावर दाट छप्पर घातले की ते बिचारे तक्रार न करता नाहीसे होतात. चंडोल आणि लावा यांची घरटी जमिनीवर, गवताच्या आडोशाला असतात. गवत गेले की तीही गेली.

ही चूक फक्त टेकड्यांवर झालेली नाही. सरकारी नोंदींत गवताळ माळाला आजही पडीक जमिनीच्या रकान्यात बसवतात. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेचे लक्ष्य २०१६ मध्ये २ कोटींचे होते, ते २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले. खड्डे हौसेने मोजले गेले, पण ते कोणत्या जमिनीत खणले याचा हिशेब तितक्या हौसेने झाला नाही. सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य माळढोकासाठी राखलेले. त्या पक्ष्याला लांबवर दिसेल असा मोकळा माळ हवा असतो. तिथेही गिरिपुष्प लावले गेले. सासवड, सुपे, बारामती या पट्ट्यात लांडगा आणि चिंकारा अजून टिकून आहेत ते अशाच "पडीक" माळांवर. तेव्हा "झाड ते झाड" असे म्हणणाऱ्याला माझे उत्तर असे की, चुकीच्या जागी लावलेले झाड हेही अतिक्रमणच आहे. ते हिरवे असल्यामुळे त्यावर कुणी बोट ठेवत नाही, इतकेच.

आता दुसरे. यांचा युक्तिवाद पहिल्यांपेक्षा धारदार आहे, म्हणून तो पूर्ण ताकदीनिशी मांडू. उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेतला, बटाटा अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला आणि मिरचीही तिकडचीच. तूप सोडले तर आषाढी एकादशीच्या ताटात स्वदेशी काय उरते? मग घाणेरीनेच काय घोडे मारले?

घोडे नाही, पण गुरे मारली आहेत. घाणेरीचा पाला पोटात गेला की जनावराचे यकृत बिघडते, ऊन सोसत नाही, कातडी सोलवटते. पण खरा मुद्दा तो नाही. परदेशात जन्मली हा घाणेरीवरचा आरोप नाहीच. मिरची शेताचा बांध ओलांडून रानात शिरत नाही, बटाटा कुणाचे कुरण गिळत नाही. १८०९ च्या सुमारास शोभेचे झुडूप म्हणून घाणेरी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. तिथून ती निघाली, बुलबुलांनी तिची फळे खाऊन बिया दूरवर टाकल्या, वणव्यानंतर ती आधी फुटली. २०२० मध्ये निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार भारतातल्या व्याघ्रक्षेत्राच्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त क्षेत्र तिने व्यापले आहे. आरोप आहे तो या वागण्याचा. गिरिपुष्पाचेच बघा. कोकणात भातखाचराच्या बांधावर ते उभे असते, शेतकरी त्याचा पाला चिखलात तुडवून खत करतो. त्या झाडाशी माझे काहीही भांडण नाही. तेच झाड टेकडीचे गवत मारते, तिथे आहे.

आणि एक कबूल करायला हवे. आमच्या बाजूच्या काही उत्साही मंडळींनी या आक्षेपाला आपणहून खतपाणी घातले आहे. "विदेशी हटाव" अशी भाषा झाडांसाठी वापरली की ती झाडांपुरती राहत नाही. माणसांना लावायचा न्याय झाडांना लावणे आणि झाडांचा न्याय माणसांना लावणे, दोन्ही सारखेच घातक. झुडपे उपटायला देशभक्तीची गरज नसते. चांगली कुदळ पुरते.

हा मुद्दा मला कुणी सर्वात स्वच्छ समजावला असेल तर तो एका गावाने. अमरावती जिल्ह्यात मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर हे मुख्यतः कोरकू वस्तीचे गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्याला सुमारे १९० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल कसले, बरेचसे ओसाड रान. 'खोज' या संस्थेच्या साथीने गावाने रोजगार हमीतून काम काढले. घाणेरी मुळासकट उपटली, पाणी अडवले, चराई आवरली, वणव्यावर पहारा ठेवला. दोनच वर्षांत, २०१४ मध्ये, गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी निगडित जैवविविधता पुरस्कार मिळाला. पण मला पुरस्कारापेक्षा पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. रान सावरल्यावर गावाच्या हाती पैसा आला तो सीताफळातून. ग्रामसभा ती फळे गोळा करते, स्वतःच्या नावाने विकते. आणि सीताफळ हेही अमेरिकेतूनच आलेले! पायविहीरच्या माणसांनी एक अमेरिकन झाड उपटले, दुसरे राखले. कोणते झाड आपल्या रानाचे काय करते हे त्यांना ठाऊक होते, मग जन्मदाखला बघायची गरजच पडली नाही.

मधेच एक चौथा आवाज येतो. "निसर्ग आपला तोल आपणच सांभाळतो, तुम्ही मधे पडू नका." आणि त्याचाच जुळा भाऊ, "कितीही काढा, संपत नाही." या दोघांसाठी फड्या निवडुंगाची गोष्ट आहे. हा निवडुंगही अमेरिकेतला, आणि एके काळी त्याने भारतात प्रचंड जमीन काटेरी करून टाकली होती. १७९५ मध्ये लाल रंगासाठी म्हणून ब्राझीलमधून एक कीड भारतात आणली गेली. रंगाच्या कामाची ती निघालीच नाही, पण तिने निवडुंगाची एक जात फस्त केली. पुढे १९२६ मध्ये दुसऱ्या जातीसाठी तिच्याच कुळातली दुसरी कीड मुद्दाम आणली गेली, आणि तीही लागू पडली. गाजर गवताचे तसेच. पन्नासच्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्ष वेधून घेतलेले हे तण देशभर पसरले. ऐंशीच्या दशकात मेक्सिकोचा भुंगा आणून सोडला, तेव्हा निदान पावसाळ्यात त्याला कुणी खाणारे मिळाले. झाड आपले शत्रू मायदेशी सोडून आले होते, त्यामुळे इथे तोल सांभाळणारे कुणी नव्हतेच. जिथे तो थोडाफार परत आला तिथे माणसाने मधे पडून तो आणला, आणि असा शत्रूही नीट तपासूनच आणावा लागतो.

आता तिसऱ्या माणसाकडे वळू. फोटोवाल्याकडे. याच्यामुळे आमची बाजू सर्वात जास्त बदनाम होते.

घाणेरी वरून छाटली की ती मरत नाही, दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सांगितलेली पद्धत साधी आहे. जमिनीखाली दोन-चार बोटांवर मूळ आणि खोड जिथे जुळतात तो फुटव्याचा भाग असतो. त्याच्या खाली मूळ तोडायचे, झुडूप उपटून उलटे करून ठेवायचे, म्हणजे मुळे वर आणि फांद्या खाली. ते जागच्या जागी वाळते. मग पुढच्या पावसात रोपे येणार. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी सर्वात आधी येणार, कारण पाखरे फांदीवर बसून बिया तिथेच टाकतात. ती उपटायची. त्याच्या पुढच्या पावसात पुन्हा. हे काम एका रविवारचे नाही, त्यामुळे एका रविवारचा माणूस त्यात फक्त माती उकरून जातो. जेसीबी तर त्याहून वाईट. पट्टाच्या पट्टा उघडा करून तो निघून जातो आणि त्या उघड्या मातीत गाजर गवत येते, किंवा तो नारिंगी-पिवळा कॉसमॉस, ज्याच्यात उभे राहून सप्टेंबरात लोक सेल्फी काढतात. तोही मेक्सिकोचाच, आणि फुलांच्या हौसेपायी त्याला कुणी शत्रू मानत नाही.

उपटल्यावर काय लावायचे, हा प्रश्नही हौशी मंडळी वड-पिंपळाने सोडवतात. माळावर वड लावणे म्हणजे एक सावली काढून दुसरी घालणे. तिथे हवे आहे गवत. मेळघाटात पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांवर कुरणे उभी राहिली ती गवताची नेमकी ओळख असलेल्या माणसांमुळे. प्रा. गजानन मुरतकरांसारख्या गवताच्या अभ्यासकाने वनरक्षकांना कुसळी कोणती आणि मारवेल कोणते हे शिकवले. पुण्याच्या टेकडीवरही आधी बी गोळा करणारे हात लागतील. रोपवाटिकेतून आणलेल्या पिशव्यांनी ते काम होणार नाही.

आणि गिरिपुष्प एकदम सगळे तोडू नये, हेही आमच्याच लोकांना बजावून सांगतो. उन्हाळ्यात येणारा नवरंग, वर्षभर राहणारे मोर, इतर कितीतरी पक्षी आज त्याच्याच आडोशाला आहेत. एक तुकडा मोकळा करा, तिथे गवत आणि मूळची झुडपे रुजू द्या, ती रुजली की पुढचा. वनखात्याची जमीन असेल तर त्यांची परवानगी, महापालिकेची असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची. या परवान्यांचा वैताग येतो हे खरे. पण ज्या कायद्याने आपल्याला थांबवले तोच उद्या टेकडीवर रस्ता काढणाऱ्यालाही थांबवतो, त्यामुळे तो वैताग सोसावा.

राहिला प्रश्न कुणी करायचे याचा. पायविहीरला जमले कारण रानावर त्यांचा लेखी हक्क होता आणि रान सुधारले तर फायदा त्यांचाच होता. शहरातल्या टेकडीवर कुणाचाच हक्क नाही, त्यामुळे सगळेच पाहुणे. कंपन्या एक दिवस येतात, टी-शर्ट वाटतात, आकडा घेऊन जातात. याऐवजी टेकडीचा ठरलेला तुकडा एका शाळेकडे, एका सोसायटीकडे किंवा रोज सकाळी येणाऱ्या एका गटाकडे लेखी द्यावा, किमान पाच पावसाळ्यांसाठी. वर्षाच्या शेवटी मोजायचे ते किती उपटले हे नव्हे. त्या तुकड्यात कोणती गवते परत आली, जमिनीवर कुणाचे घरटे दिसले, एवढेच बघायचे. महापालिका आणि वनखाते यांना एवढा करार करायला वेगळ्या निधीची गरज नाही.

तेव्हा कुदळ घेऊन निघणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. कॉसमॉस बी धरण्याआधी उपटा, घाणेरी मुळापासून काढा, आणि पुढची पाच वर्षे त्याच जागी परत जायची तयारी ठेवा. ती तयारी नसेल तर घाणेरीला हात लावू नका. अर्धवट उपटलेल्या घाणेरीपेक्षा न उपटलेली परवडते.