योना रागावला कां ?

परवां आमची धाकटी नात चित्रांचें एक पुस्तक घेऊन आमच्यापुढें येऊन बसली. एका अगडबंब माशाच्या पोटांत दाढीवाला मनुष्य हात जोडून बसला आहे, असें तें चित्र होतें. "आजोबा, हा माणूस माशानें गिळला तरी मेला कसा नाहीं ?" असा तिचा प्रश्न. घरांतील वडील मंडळींनीं लागलीच माशाची जात, त्याच्या घशाची रुंदी, पोटांतील हवा यांवर अशी चर्चा आरंभिली कीं, चहा निवून गेला. या गोष्टीचें दुर्दैवच तें. योनाचा ग्रंथ अवघ्या ४८ वचनांचा. त्यांत माशाचें नांव येतें तीन वचनांत. तरी लोक पिढ्यान् पिढ्या माशाचेंच माप घेत आले आहेत. बाकीचा सारा ग्रंथ एका रागावलेल्या मनुष्याविषयीं आहे, आणि उपरोधाचा इतका नेटका नमुना कोणत्याहि धर्मग्रंथांत आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

उपरोध हा शब्द आम्ही येथें कोणत्या अर्थानें योजितों, तें आधीं सांगितलें पाहिजे. आपल्या आलंकारिकांची व्याजस्तुति वाचकांच्या परिचयाची आहेच : वरून स्तुति, आंतून निंदा. ती बोलणारालाहि ठाऊक असते आणि ऐकणारालाहि. हिब्रू कथाकारांची रीत निराळी. तेथें बोलणाऱ्या पात्राला स्वतःच्याच बोलण्याचा पुरता अर्थ कळलेला नसतो. तो कळतो वाचकाला. आणि वाचक आपल्या शहाणपणावर खूष होऊन त्या पात्राला हंसूं लागला कीं, कथाकार हळूच त्याच्याकडे वळतो. दावीद राजाची गोष्ट पाहा. आपल्या पदरच्या उरीया नांवाच्या योद्ध्याची पत्नी त्यानें आपलीशी केली आणि उरीयाला रणांत आघाडीवर पाठवून मारविलें. मग नाथान नांवाचा संदेष्टा दरबारीं आला. त्यानें दोष दिला नाहीं, एक हकीकत सांगितली : घरीं मेंढरांचे कळप असतांहि एका श्रीमंतानें पाहुण्यासाठीं शेजारच्या गरिबाची, लेकीसारखी वाढविलेली, एकुलती एक मेंढी कापली. राजा संतापला, असा मनुष्य मरणास पात्र आहे म्हणाला, चौपट भरपाईहि फर्मावली. तो मनुष्य आपणच, हें त्याला नंतर कळलें. निकाल आधीं लागला, आरोपीचें नांव मागाहून निघालें !

आतां योनाकडे वळूं. देवाची आज्ञा होते कीं, असुरी लोकांच्या निनवे महानगरीस जाऊन तेथील लोकांस ताकीद दे. निनवे पूर्वेस, योना याफो बंदरावर जातो आणि उलट दिशेस, तार्शीशाला निघालेल्या गलबताचें भाडें भरतो. वादळ उठतें. मूर्तिपूजक खलाशी आपापल्या देवांचा धांवा करीत आहेत, आणि एका खऱ्या देवाचा संदेष्टा तळाशीं गाढ झोंपला आहे. त्याला हालवून प्रार्थना करावयास सांगतो कोण, तर गलबताचा तांडेल ! चिठ्ठ्या टाकल्या जातात, योनाचें नांव निघतें. तेव्हां हा गृहस्थ मोठ्या डौलानें सांगतो कीं, समुद्र आणि कोरडी भूमि ज्यानें निर्मिली त्या देवाचा मी भक्त. आणि त्याच देवापासून तो समुद्रमार्गें पळत आहे. त्याला समुद्रांत टाकावें असें तो स्वतःच सुचवितो, तरी खलाशी या परक्या माणसाला वांचविण्यासाठीं वल्हीं मारून मारून थकतात. निरुपाय झाल्यावरच त्याला टाकतात. ही धडपड वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें एका सबंध नगरीच्या बाबतींत योनाकडून तितकी होत नाहीं.

मग मासा. त्याच्याविषयीं आमच्या घरीं पुरेसें बोलून झालें आहे.

अखेर योना निनवेस जातो आणि प्रवचन करतो, तें मूळ हिब्रूंत अवघ्या पांच शब्दांचें. चाळीस दिवसांचा अवकाश, मग नगरीचा नाश, एवढेंच. पश्चात्ताप करा असें नाहीं, देवाचें नांवहि नाहीं. इतर संदेष्ट्यांनीं आपल्याच लोकांपुढें अध्यायच्या अध्याय कंठशोष केला. यिर्मयाचें लिखाण तर यहूदाच्या राजानें चाकूनें कापून शेगडींत जाळलें. येथें पांच शब्द ऐकून परक्यांचा राजा सिंहासनावरून उतरून राखेंत बसतो, आणि माणसांबरोबर गुरामेंढरांनाहि उपास घडतो व गोणपाट पांघरावें लागतें. शिवाय त्या पांचांतील शेवटच्या क्रियापदाचे अर्थ दोन : उलथून पडणें आणि पालटणें. नगरी उलथणार असें योनाला म्हणावयाचें होतें. नगरी पालटणार, असें तो नकळत खरें बोलून गेला. हा श्लेष भाषांतरांत बहुधा हरवतो, हें दुःख आहे.

देव शिक्षा रद्द करतो आणि योना संतापतो. त्याची तक्रार ऐकण्यासारखी आहे. देव कृपाळु आहे, लवकर रागावत नाहीं, हें आपणांस पहिल्यापासून माहीत होतें, म्हणूनच आपण पळालों, असें तो म्हणतो. मोशेच्या काळापासून जे शब्द इस्राएलांनीं स्तुति म्हणून उच्चारले, तेच येथें फिर्याद झाले आहेत. नगराबाहेर खोपटें बांधून तो पुढें काय होतें तें पाहत बसतो. एका रात्रींत त्याच्या डोक्यावर एक झाड उगवतें. कित्येक तें एरंडाचें समजतात. त्याच्या सावलींत योनाला अतिशय आनंद होतो; साऱ्या ग्रंथांत त्याला आनंद झाला तो एवढाच. दुसऱ्या पहाटे कीड लागून झाड वाळतें, उष्ण वारा सुटतो, आणि योना मरण मागूं लागतो. तेव्हां देवाचा प्रश्न असा कीं, न लावलेल्या, न वाढविलेल्या झाडाची तुला एवढी हळहळ, तर उजवेंडावें न कळणारे १,२०,००० हून अधिक जीव आणि पुष्कळ गुरें ज्या नगरींत आहेत, तिची मला वाटूं नये काय ? येथें ग्रंथ संपतो. योनाचें उत्तर दिलेलें नाहीं.

हा ग्रंथ बाबिलोनच्या बंदिवासानंतर लिहिला गेला, असें बहुतेक पंडित मानतात. योना मात्र दुसऱ्या यराबाम राजाच्या कारकीर्दींतला, म्हणजे इ. स. पूर्व आठव्या शतकांतला. त्यानंतर थोड्याच दशकांनीं, इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास, असुरी सैन्यानें शोमरोन घेऊन इस्राएलांचें उत्तरेचें राज्य बुडविलें. वांचली ती याच शत्रूची नगरी, हें पहिल्या वाचकांस पक्कें ठाऊक होतें. योनाला हंसत हंसत येथवर आलेल्या त्या वाचकाचें हंसूं या जागीं थिजलें असेल. म्हणूनच योनाला हेकट ठरवून मोकळे होणें आम्हांस पटत नाहीं. ज्याचें घर जळलें, त्याला आग लावणाराच्या लेकरांचा कळवळा धरावयास सांगणें सोपें नव्हे. ग्रंथकारानें तें सांगितलेंहि नाहीं; फक्त विचारलें आहे.

निनवे इ. स. पूर्व ६१२ सालीं पडली. तिच्या अवशेषांवर, आजच्या मोसुल शहरांत, याच संदेष्ट्याच्या नांवाची नबी यूनुस मशीद पुढें उभी राहिली. ज्या नगरींत त्याला पाऊल टाकावयाचें नव्हतें, तिच्याच मातीनें त्याचें नांव शतकानुशतकें सांभाळलें. जुलै २०१४ मध्यें दहशतवाद्यांनीं सुरुंग लावून ती मशीद उडविली.

ख्रिस्ती शुभवर्तमानांत याच घडणीची एक कथा लूकानें दिली आहे. उधळ्या धाकट्या मुलाची गोष्ट सर्वांना माहीत असते. घराबाहेर फुरंगटून उभा राहिलेला थोरला मात्र विसरला जातो. धाकटा परत आला म्हणून मेजवानी चालली आहे, बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालीत आहे, आणि तो आंत गेला कीं नाहीं हें न सांगतांच कथा थांबते. ऐकणारांत पाप्यांच्या पंक्तीला येशू बसतो म्हणून कुरकुरणारे शास्त्री होते. आपण अंगणांत उभे आहों, हें त्यांना कळलें असेल काय ?

यहुदी लोकांनीं या ग्रंथाला दिलेली जागा पाहून आम्हांस नेहमीं विस्मय वाटतो. किप्पूरच्या दिवशीं, म्हणजे वर्षांतील सर्वांत पवित्र उपासाच्या दिवशीं, तिसऱ्या प्रहरीं, पोटांत अन्नपाणी नसतां, सभास्थानांत योना वाचतात. आपल्याच संदेष्ट्याची फजिती ऐकावयाची, तीहि त्या दिवशीं! मुंबईंत मांडवी भागांत सामुएल दिवेकर यांनीं १७९६ सालीं बेने इस्राएलांचें पहिलें सभास्थान बांधलें, त्याचें नांव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचें द्वार. योनानें रागाच्या भरांत देवाला जो दयाळु शब्द सुनावला, तो याच धातूपासून झालेला आहे.

नातीला आम्हीं गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. गोणपाट पांघरलेलीं गुरें तिला सर्वांत आवडलीं. मग योना काय म्हणाला, असें तिनें विचारलें. तें पुस्तकांत लिहिलेलें नाहीं, असें आम्हीं सांगितलें, तेव्हां तिचा विश्वास बसेना. शेवटचें पान फाटलें असावें असें म्हणून ती तें शोधूं लागली.