जात विचारायला दार, पाणी विचारायला लिंक!

पुणेकरांचे मत हवे असले की आपली महापालिका काय करते? लिंक सोडते. स्वच्छ सर्वेक्षण आले, सोडा लिंक. अंदाजपत्रकासाठी कामे सुचवायची आहेत, भरा ऑनलाइन अर्ज. चौकात फलक, फलकावर क्यूआर कोड, आणि मुदत संपली की पत्रक निघते, ‘नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद!’ कोण हे नागरिक? ज्याच्या फोनला नेट आहे, ज्याला अर्जाची भाषा कळते आणि ज्याची दुपार मोकळी आहे, तो. समाविष्ट गावांत टँकरची वाट पाहणारी बाई या नागरिकांत बसत नाही. मार्केट यार्डातला हमाल बसत नाही. आणि स्वच्छतेविषयीच्या अभिप्रायात, जिच्या हातांनी हे शहर स्वच्छ होते ती कचरावेचक कुठे आहे?

हे अज्ञानातून घडते असे मानायला आम्ही तयार नाही. दारे बंद करून लोकांना हाक मारली की कोण येणार, हे हाक मारणाऱ्याला ठाऊक असतेच. आपण होऊन अर्ज भरणाऱ्यांचा आकडा लाखात गेला तरी ते शहराचे मत ठरत नाही. 1936 साली अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांच्या बळावर साप्ताहिकाने लँडन यांना विजयी ठरवले, आणि रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि त्यातही उत्तर धाडण्याची हौस असलेल्यांचीच पत्रे परत आली. आज टेलिफोनच्या यादीच्या जागी क्यूआर कोड आला, एवढाच फरक!

त्याच सुमारास, 1936-37 मध्ये, याच पुण्यात धनंजयराव गाडगीळ आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेतले त्यांचे सहकारी शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करत होते. नमुन्यात आलेल्या कुटुंबापर्यंत जायचे आणि समोर बसून विचारायचे, अशी त्यांची पद्धत होती. संगणक नव्हता, निधी तुटपुंजा होता. ती संस्था महापालिका भवनापासून फार दूर नाही. पण काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याची हौस कोणाला आवरणार?

‘माणसे नाहीत, वेळ नाही’ हे रडगाणे तर, महापालिकेच्या अधिकाऱ्यांनो, आम्हाला ऐकवूच नका. सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तुमची पथके तापमापक घेऊन दारोदार फिरली. जानेवारी 2024 मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाने मराठा व खुल्या प्रवर्गातील कुटुंबांचे सर्वेक्षण मागितले, तेव्हा तुमचेच कर्मचारी दीडशेवर प्रश्नांची यादी घेऊन जिने चढले. काम दोन आठवड्यांच्या आत उरकले. मुंबईहून हुकूम आला की पाय चालतात. ‘तुमच्या नळाला पाणी किती वेळ येते?’ एवढेच विचारायचे असले की ते पाय लुळे पडतात!

हिशेबही करून टाकू. योग्य रीतीने, चिठ्ठी टाकून निवडलेल्या दीड हजार लोकांना विचारले तर सगळ्या शहराचे मत अडीच टक्के इकडेतिकडे धरून कळते. पंधरा क्षेत्रीय कार्यालयांचे चित्र वेगवेगळे हवे असेल तर प्रत्येकी चारशे, म्हणजे सहा हजार माणसे. घर बंद असले तर पुन्हा जायचे, शेजारच्याला विचारून मोकळे व्हायचे नाही. सगळी मेहनत यातच आहे. तुमच्या कर्मचाऱ्यांना हे काम जड नाही. (खड्ड्याचा फोटो पाठवायला ॲप जरूर ठेवा. एकाने कळवला तरी खड्डा खराच असतो. तक्रार वेगळी आणि पाहणी वेगळी.)

मग अडते कुठे? अडते उत्तरांपाशी. स्मार्ट सिटीच्या वेळी लोकसहभागाचे नगारे वाजले, जानेवारी 2016 मध्ये पुण्याचा प्रस्ताव देशात दुसरा आला, आणि नमुना क्षेत्र ठरले औंध-बाणेर-बालेवाडी. जनता वसाहतीची झोपडपट्टी नव्हे, ताडीवाला रोडची नव्हे. दारात जाऊन विचारले की नकोशी उत्तरे वहीत चढतात, आणि वहीत चढलेले पुसता येत नाही. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे सभागृहात नगरसेवकच नव्हते. जाब विचारणारे कोणी नाही, आणि लोकांचा आवाज म्हणून पुढे करायला काय, तर ही लिंक!

आता सभागृह भरले आहे. नगरसेवकांनो, पुढच्या अंदाजपत्रकाआधी प्रशासनाकडून तीन कागद मागून घ्या: नमुना कोणत्या यादीतून निवडला, किती घरांपर्यंत माणूस पोचला, आणि किती दारे उघडलीच नाहीत. हे कागद मिळाले नाहीत तर ‘नागरिकांचा कौल’ म्हणून टेबलावर येणारा प्रत्येक अहवाल परत पाठवा.