हिरवी पाटी आणि मोरीवरचे हात

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समावेश झाला. त्यात राजगडाचेही नाव होते. शिवछत्रपतींनी सुमारे पाव शतक ज्या गडावरून स्वराज्याचा कारभार पाहिला, त्याचा हा गौरव साऱ्या महाराष्ट्राला सुखावून गेला. परंतु गौरवापाठोपाठ गर्दी येते. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विंझरसारख्या गावाला ती नवी नाही. एका अंगाला राजगड, दुसऱ्या अंगाला तोरणा. पावसाळ्यातील रविवारी गाड्यांची रीघ लागते. पिठले-भाकरी, मिसळ, चहा यांना उसंत नसते. दिवेलागणीला गाड्या पुण्याकडे परततात आणि मागे उरतात उष्टी पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि भांड्यांचा ढीग.

हा ढीग उपसतो कोण? पर्यटक नव्हे, आणि बहुधा मालकही नव्हे. हॉटेल आणि पर्यावरण या विषयावर शासन बोलते, उद्योजक बोलतात, हल्ली ग्राहकही बोलतो. ज्याच्या हाताने ते पर्यावरण राखले किंवा बिघडवले जाते, त्या कामगाराविषयी क्वचितच कोणी बोलते. नळ किती वेळ सोडायचा, तळणीचे उरलेले तेल डब्यात ठेवायचे की मोरीत ओतायचे, भाजीची देठे वेगळ्या बादलीत टाकायची की प्लास्टिकबरोबर एकाच पोत्यात कोंबायची, हे निर्णय दिवसातून शंभर वेळा आणि कोणी पाहत नसताना घेतले जातात. ते योग्य व्हावेत असे त्या कामगाराला का वाटावे, हा खरा प्रश्न आहे.

शासनाचे उत्तर दंडाचे आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी हॉटेलांवर ओला व सुका कचरा वेगळा करण्याचे बंधन घातले. 2018 मध्ये राज्याने प्लास्टिकबंदी केली, तीत पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड व कारावास अशी तरतूद झाली. कायदा हवाच. मात्र तपासणीचे पथक आले की पिशव्या गल्ल्याखाली जातात आणि पथक गेले की पुन्हा वर येतात, हा अनुभव कोणत्या गावाला नाही? दंडाचे मानसशास्त्रही विचित्र आहे. इस्रायलमधील हैफा शहरात मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना पाळणाघरांनी दंड लावून पाहिला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड उठवल्यावरही पूर्ववत झाला नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा बोध उघड आहे: चुकीला किंमत लावली की ती चूक राहत नाही, खरेदी होते. आणि हॉटेलात दंड भरतो मालक. भांडी घासणाऱ्याचा त्याच्याशी संबंध एवढाच, की त्या दिवशी त्याला शिव्या बसतात.

दुसरे उत्तर घोषवाक्यांचे. 'पाणी वाचवा, पृथ्वी वाचवा' अशी हिरवी पाटी न्हाणीघरात लावली की कर्तव्य संपले! अमेरिकेतील एका हॉटेलात याचीही परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा, असे सांगितल्यावर सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी ते ऐकले. येथील बहुसंख्य पाहुणे तसे करतात, असे सांगितल्यावर हे प्रमाण 44 टक्क्यांवर गेले. माणूस पाटीपेक्षा माणसाकडे पाहतो. आपल्याकडे हे सांगायला संशोधनाची गरज पडू नये; घरातला कर्ता ताटात अन्न टाकत नसेल तर पोरेही टाकत नाहीत. मालक स्वतः गाडीची काच खाली करून बाटली ओढ्यात भिरकावत असेल, तर त्याच्या स्वयंपाकघरातील तीन रंगांच्या बादल्या शोभेच्याच राहणार.

याच्या उलट उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. विठ्ठल कामत यांचे विलेपार्ल्याचे 'ऑर्किड' 1997 मध्ये सुरू झाले आणि आशियातील पहिले 'इकोटेल' मानांकित पंचतारांकित हॉटेल म्हणून नावाजले गेले. त्या मानांकनाच्या पाच कसोट्या आहेत. कचरा, ऊर्जा, पाणी आणि व्यवस्थापनाची बांधिलकी या चार कोणालाही सुचतील. पाचवी आहे कर्मचाऱ्यांचे पर्यावरणशिक्षण आणि समाजाचा सहभाग. कामत स्वतः वडिलांच्या हॉटेलात काम करून वर आलेले. ज्याने एकदा गरम तव्यापुढे घाम गाळला आहे, त्याला विजेची आणि पाण्याची बचत कोठून सुरू होते हे सांगावे लागत नाही.

अर्थात विंझर म्हणजे विलेपार्ले नव्हे. येथे मानांकन देणारा कोणी येणार नाही, आणि यावा अशी अपेक्षाही नाही. मात्र येथे एक भांडवल आहे जे मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलाला विकत मिळणार नाही. या तालुक्यात पाऊस धो-धो कोसळतो, पानशेत-वरसगावसारखी धरणे त्याच्या कुशीत आहेत, तरी डोंगरवाड्यांवर चैत्र-वैशाखात पाण्यासाठी पायपीट होते. अशा वाडीवरून कामाला येणाऱ्या बाईला पाण्याचे मोल शिकवायला पुण्याहून सल्लागार आणणे हा विनोद आहे. घरी ती तांदूळ धुतलेले पाणी गुरांना पाजते, शिळ्या अन्नाचा कण वाया जाऊ देत नाही. मग तीच बाई हॉटेलच्या मोरीवर नळ वाहता का ठेवते? कारण ते हॉटेल तिचे नाही. तेथे तिला फक्त हात आहेत. तिला काही ठाऊक असेल, असे कोणी गृहीतच धरलेले नाही. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत उभे राहायचे, सुट्टीचा भरवसा नाही, हातमोजे मागितले तर मालक हसतो. अशा माणसाकडून वसुंधरेच्या मातृत्वाची अपेक्षा करणे हे ढोंग आहे.

येथे हिंदू समाजाने स्वतःकडेही कठोरपणे पाहिले पाहिजे. नद्यांना माता म्हणणाऱ्या या समाजाने उष्टे व केर उचलणे हे हलक्या माणसाचे काम ठरवून टाकले. पर्यटक टेबलावर घाण करून निर्धास्त उठतो, तो या संस्कारामुळेच; आणि वेटर ती घाण पुढच्याकडे ढकलतो, तोही त्याच्यामुळेच. संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि सामाजिक समरसता हे दोन स्वतंत्र विषय आहेत. हॉटेलच्या मोरीवर ते एकच होतात.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांच्या व्यवस्थेविषयी जे लिहिले आहे, त्यातील एक तपशील या दृष्टीने विलक्षण आहे. गडावर वाटेत, तटावर केरकचरा पडू देऊ नये, तो जागच्या जागी जाळावा, आणि राख परसात घालून घरोघर भाजीपाला करावा, असे त्यात सांगितले आहे. (तेव्हाच्या केरात प्लास्टिक नव्हते, आज तोच उपाय जसाच्या तसा केला तर विषारी धूर होईल.) पाहण्याजोगे आहे ते हे, की जो केर काढेल त्याच्याच परसात भाजी उगवेल, अशी ही रचना आहे. काम एकाचे आणि फळ दुसऱ्याचे, असा पंक्तिभेद नाही.

हाच धागा आजच्या हॉटेलात नेता येतो. ओल्या कचऱ्याचे खत कामगारांच्या शेतात जावे, भंगाराचे पैसे त्यांच्या हाती पडावेत, गॅसच्या बचतीतला वाटा दिवाळीला मिळावा. यावर कोणी म्हणेल, हेही पैशाचेच आमिष झाले, मग हैफाचे काय? फरक आहे. दंडाने चूक विकत घेता येते; वाट्याने घर आपले होते. दत्तोपंत ठेंगडींनी 1955 मध्ये स्थापन केलेला भारतीय मजदूर संघ 28 ऑगस्ट हा पर्यावरण दिन म्हणून पाळतो, तो खेजडलीच्या अमृतादेवींच्या स्मरणार्थ. 1730 मध्ये तेथे 363 बिष्णोईंनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. ती झाडे त्यांच्या गावची होती, त्यांच्या श्रद्धेची होती. भाडोत्री माणूस असे करत नाही. दुर्दैवाने हॉटेलातील असंघटित कामगार अजून फारसा कोणत्याच संघटनेच्या कक्षेत नाही; महामार्गावरच्या आणि गडपायथ्याच्या हॉटेलांत तर परप्रांतातून, मराठवाड्यातून आलेली मुले हंगामापुरती राबतात आणि निघून जातात. ज्याला पुढच्या महिन्यात आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याला येथल्या ओढ्याची काळजी कशी वाटावी?

राजगडाच्या नव्या लौकिकामुळे या रस्त्यावर आणखी हॉटेले उभी राहतील. परवानगीसाठी अर्ज ग्रामपंचायतीकडे येतील, तेव्हा खोल्या किती, शौचालये किती, गाड्या कोठे उभ्या करणार, हे विचारले जाईल. त्याच अर्जावर आणखी दोन प्रश्न विचारायला ग्रामसभेला कोणाची बंदी नाही: ओला कचरा कोण उचलणार, आणि त्याला पगार काय देणार?