खतावणीत न चढलेली नोंद

चातुर्मास सुरू झाला की गावोगावच्या स्थानकांतून आणि मंगल कार्यालयांतून गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. वैद्यकीय प्रवेश मिळालेल्या मुलामुलींच्या नावाला टाळ्या अधिक पडतात, आणि ते स्वाभाविक आहे. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट दिली. देशभरातील एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. त्या चाळणीतून पार पडणे ही लहान गोष्ट नव्हे. शाल-श्रीफळ झाले की मूल वसतिगृहात जाते, आणि पुढची साडेपाच वर्षे घरच्या खतावणीत त्याच्या नावापुढे दोनच नोंदी चढत राहतात : भरलेली फी आणि मिळालेले गुण. ते किती तास झोपते, दिवसातून कितीदा ताटावर बसून जेवते, मनातले बोलायला त्याला कोणी आहे का, यासाठी रकानाच नसतो.

या न चढलेल्या नोंदीचा अंदाज जगाने घेतलेला आहे. २०१६ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ४३ देशांतील सव्वा लाखाच्या आसपास वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पाहण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील २७.२ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणे आढळली. बहुतेक पाहण्या प्रश्नावलीवर आधारलेल्या होत्या, त्यामुळे हा आकडा म्हणजे रोगनिदान नव्हे. तरी चारांत एकाहून अधिक, हे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगे नाही. त्याच आढाव्यातील दोन गोष्टी मला अधिक बोलक्या वाटतात. ज्या पाहण्यांनी तेच विद्यार्थी प्रवेशापूर्वी आणि प्रवेशानंतर तपासले, त्यांत लक्षणांचे प्रमाण अभ्यासक्रम सुरू झाल्यावर वाढलेले दिसले. म्हणजे मुले मुळात नाजूक होती म्हणून कोलमडली, हा आपला आवडता खुलासा पुरेसा नाही. दुसरी गोष्ट अशी की, लक्षणे आढळलेल्यांपैकी उपचारासाठी गेलेले होते फक्त १५.७ टक्के. इस्पितळाच्या आवारात राहणारी, औषधांची नावे तोंडपाठ असणारी ही मुले स्वतःसाठी मात्र शेजारच्या विभागाचे दार ठोठावत नाहीत.

आपल्या देशात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत पंचवीस हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांपैकी २७.८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचे सांगितले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१.२ टक्के जणांनी जीवन संपविण्याचे विचार मनात आल्याचे कळविले. पाहणी ऐच्छिक होती. ज्याला त्रास आहे तो उत्तर द्यायला अधिक पुढे येतो, हे धरूनसुद्धा हा आकडा वाचून पुढे जाता येत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांची अवस्था बिकट का, याचे एक उत्तर झोपेत आहे. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, सलग चोवीस तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.१० टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी घसरते. मद्याचा थेंबही कधी न घेतलेला आपला मुलगा सलग दुसऱ्या दिवशी वॉर्डात उभा असतो तेव्हा त्याच्या हातांची आणि मनाची स्थिती ही असते. चूक झाली तर रुग्ण भोगतो, आणि त्या चुकीचे ओझे मुलगा वाहतो.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन नावाची अठरा वर्षांची तरुणी इस्पितळात दगावली. तिच्या पत्रकार वडिलांनी निवासी डॉक्टरांच्या अविश्रांत पाळ्यांविरुद्ध आवाज उठविला. १९८९ मध्ये त्या राज्यात कामाच्या तासांवर मर्यादा आली आणि २००३ पासून संपूर्ण अमेरिकेत निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा लागू झाली. युरोपीय संघाचा नियम सरासरी ४८ तासांचा आहे. आपल्या कृतिदलाने कमाल ७४ तास, एक साप्ताहिक सुट्टी आणि रोज सात ते आठ तासांची झोप सुचविली आहे. सुट्टी वगळता ७४ तास म्हणजे रोज बारा तासांहून अधिक. बाजारपेठेत दुकान चालविणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगायला नको. फरक इतकाच की दुकानात दुपारी वामकुक्षी असते. आणि ही अद्याप शिफारसच आहे.

तासांइतकाच गुणांचाही काच असतो. अमेरिकेतील परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण जानेवारी २०२२ पासून जाहीर होत नाहीत. केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगितले जाते. एका आकड्याला आलेले अवास्तव महत्त्व कमी व्हावे, हा त्यामागचा एक हेतू. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०१३ मध्येच महाविद्यालयांना मार्गदर्शन करताना स्पष्ट केले की, मानसिक आजार असलेला विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक वेळी आपला अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो. आपल्याकडे मात्र एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षापासूनच नीट-पीजीच्या रँकची चर्चा सुरू होते, आणि तिला घरचेही हातभार लावतात.

ज्यांना येथे जागा मिळत नाही त्यांपैकी अनेकजण रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान येथे जातात. आपल्या व्यापारी कुटुंबांतूनही हा ओघ आहे. वर्गात शिकवणे इंग्रजीतून होते, पण वॉर्डातील रुग्ण रशियन किंवा स्थानिक भाषाच बोलतो. ती नव्याने शिकावी लागते. परत आल्यावर ३०० गुणांच्या परीक्षेत १५० मिळवल्याखेरीज येथे व्यवसाय करता येत नाही, ही टांगती तलवार पहिल्या वर्षापासून असते. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो मुले अभ्यास अर्धवट टाकून परतली. मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा खोलीबाहेर पडू नका, असे भारतीय दूतावासाला सांगावे लागले. घरी व्हिडिओ कॉलवर मात्र मूल ‘सगळे ठीक आहे’ असेच म्हणते.

आपल्या मुलांची एक अडचण तर कोणत्याही पाहणीत सापडणार नाही. सेंट पीटर्सबर्गला डिसेंबरात चार वाजण्याआधी सूर्यास्त होतो आणि जूनमध्ये रात्री दहानंतर. घरून चौविहाराचा नियम घेऊन गेलेली मुलगी हिवाळ्यात वर्गातून बाहेर पडते तेव्हा अंधार झालेला असतो. मग ती एक तर दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहते, किंवा जेवते आणि कोणाला सांगत नाही. पहिल्याने शरीर खचते, दुसऱ्याने मन. कंदमुळाशिवाय मेसमध्ये उरते काय, तर पाव, भात आणि दही. महिनोन्‌महिने असे काढल्यावर येणारा थकवा आणि चिडचिड यांतले किती मनाचे आणि किती पोटाचे, हे वैद्यालाही प्रथम ओळखता येत नाही.

येथे वडीलधाऱ्यांनी बोलले पाहिजे, कारण मूल आपण होऊन विचारणार नाही. प्रत्याख्यानात आगार ठेवण्याची आपली परंपरा जुनी आहे. त्यात सव्वसमाहिवत्तियागार नावाचा एक आगार आहे : तीव्र व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागली असता औषधोपचारासाठी दिलेली मोकळीक. ज्यांनी नियमांची रचना केली त्यांनी मनाच्या स्वास्थ्याचा विचार त्या नियमाच्या आतच करून ठेवला आहे. जाण्यापूर्वी मुलाला महाराजसाहेबांकडे न्यावे, तेथील दिवस-रात्र सांगावी आणि पेलेल असा, मुदतीचा नियम घ्यावा. सामायिकाची ४८ मिनिटे फोनविना बसण्याचा अवकाश देतात, ते मोलाचे आहे. परंतु नैराश्य हा आजार आहे आणि आराधना कमी पडली म्हणून तो झाला, असे कोणी सुचवू नये.

उपचार टाळण्याचे खरे कारण मात्र धर्म नसून बायोडेटा आहे. ‘बातमी फुटली तर सोयरीक कशी जुळेल’ या धाकाने कुटुंबे मुलाला दुसऱ्या शहरातील डॉक्टरांकडे नेतात, किंवा नेतच नाहीत. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचाराविषयीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. औषधांबाबत आपल्या घरांतून दोन शंका नेहमी येतात. नैराश्यावरील अनेक औषधे दिवसातून एकदाच घ्यावयाची असतात. सूर्यास्तानंतर काही घेत नाही हे सांगितल्यास पुष्कळदा डॉक्टर ती सकाळी देऊ शकतात. कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असू शकते. तसे सांगून गोळीच्या रूपातले औषध मागता येते. स्वतःच्या मनाने मात्र औषध सुरू वा बंद करू नये, आणि हे वैद्यकीय विद्यार्थ्यांना अधिक निक्षून सांगावे लागते.

आणखी एक. पेढी चालली नाही तर ती बंद करून दुसऱ्या मालात उतरणे आपल्याला नवे नाही; तोटा नावे टाकून माणसे पुन्हा उभी राहिल्याची उदाहरणे प्रत्येक घरात आहेत. मात्र मुलाने दुसऱ्या वर्षी ‘हे मला जमत नाही’ म्हटले की घर हादरते. पदव्युत्तर जागा सोडणाऱ्यांकडून मोठी रक्कम वसूल करणारे बाँड रद्द करावेत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना कळविले. विद्यार्थ्यांवरील ताण हेच त्याचे कारण होते. घरचा बाँड रद्द करणे आपल्या हाती आहे. परतण्याची वाट मोकळी आहे हे ज्याला ठाऊक असते, तो बहुधा परतत नाही, निश्चिंतपणे शिकतो.

मूल झोपेनासे झाले, जेवण टाकू लागले, फोन घेईनासे झाले किंवा ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असे बोलू लागले, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नये. कोणीतरी त्याच्याजवळ जाऊन राहावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. परदेशी असणाऱ्यांनी विद्यापीठाचे समुपदेशन केंद्र कोठे आहे आणि तेथील आपत्कालीन क्रमांक कोणता, हे पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून घ्यावे आणि ते घरी लिहून ठेवावे, फीच्या पावत्या ठेवतो त्याच फाइलमध्ये.